पाळकीणबाईंच्या विसरभोळेपणाची खरी हकीकत

ख्रिस्ती देवळातल्या पाळकसाहेबांच्या रविवारच्या उपदेशाची पहिली पाच मिनिटं हलकीफुलकी असत, आणि खरं सांगायचं तर मंडळी तेवढ्यापुरतीच पूर्ण जागी असे. घरात काय घडलं, कोणाची कशी फजिती झाली, असं काहीतरी सांगून ते आधी लोकांना हसवत आणि मग हळूच देवाकडे वळत. देवाकडे वळले की मागच्या बाकांवर माना लवू लागत. त्या भक्तिभावानेच लवतात, असं पाळकसाहेबांनी स्वतःला पटवून ठेवलं होतं.

त्या पाच मिनिटांची नायिका ठरलेली: पाळकीणबाई. चहात साखरेऐवजी मीठ घालणाऱ्या, चष्मा पिठाच्या डब्यात विसरणाऱ्या, किल्ली आत ठेवून दार ओढून घेणाऱ्या. अकरा वर्षांत त्यांची कीर्ती इतकी पसरली होती, की भाजीवालीसुद्धा पिशवी हातात देऊन वर विचारी, "घेतलीत ना, बाई?"

एवढीच एक बारीकशी बाब मंडळीला ठाऊक नव्हती, की मीठ पाळकसाहेबांनी घातलं होतं. चष्मा त्यांचा होता. आणि किल्ली तर दर दोन-तीन महिन्यांनी तेच आत विसरत.

सुरुवात अगदी निरागस झाली होती. देवाच्या उघड्या दारावर बोलायचं होतं आणि आदल्याच दिवशी ते स्वतः दोन तास बंद दाराबाहेर उन्हात उभे होते. दृष्टान्त आयता मिळाला होता. पण वाक्य ओठांवर आलं आणि पहिल्या बाकावरचे गंभीर चेहरे दिसले. ऐन वेळी "मी"च्या जागी "आमच्या हिने" आलं. लोक हसले. पाळकीणबाईही हसल्या. घरी आल्यावर मात्र म्हणाल्या, "अहो, किल्ली तुम्ही विसरला होतात."

"अगं, पाळकच असा म्हटल्यावर लोक लग्नाची तारीख तरी माझ्या भरवशावर ठेवतील का? आणि तुझं काय बिघडतंय?"

तेव्हा खरंच काही बिघडलं नव्हतं. म्हणून मग चष्मा, मीठ आणि बाकीचंही एकेक करून बाईंच्या माथी बसलं.

बिघडलं ते ह्या बुधवारी. पाळकीणबाई इस्पितळाच्या औषधभांडारात चौदा वर्षं काम करत होत्या. कुठल्या फळीवर कुठलं औषध, कशाची मुदत कधी संपते, हे त्यांना तोंडपाठ. भांडारप्रमुख निवृत्त झाले, जागा रिकामी झाली आणि त्यांना मुलाखतीला बोलावलं. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट होती. समोर तिघे होते. त्यातले इस्पितळाचे अधीक्षक मंडळीचेच, तिसऱ्या बाकावर बसणारे. सगळं छान चाललं होतं. शेवटी अधीक्षक मिस्कीलपणे म्हणाले, "बाई, भांडाराच्या किल्ल्या तेवढ्या सांभाळाल ना?" उरलेल्या दोघांना काही कळेना, म्हणून त्यांनी किल्लीचा किस्सा रंगवून सांगितला. सगळे हसले. पण हसता हसता एकाने कागदावर काहीतरी लिहून घेतलं, आणि निर्णय सोमवारी अकरा वाजता कळवू, असं ठरलं.

बाईंनी हे घरी सांगितलं ते साडीची पिन काढता काढता, आवाज न चढवता.

"मग तू काय म्हणालीस?" पाळकसाहेबांनी घाईघाईने विचारलं.

"हसले. अकरा वर्षं हसतेय, सवय झालीय."

"अगं, पण खरं सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं तर तुम्ही खोटे ठरला असतात," बाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

पाळकसाहेबांना तोंडात मारल्यासारखं झालं. दर आठवड्याला लोकांना पश्चात्ताप शिकवणाऱ्या माणसाला आता तो स्वतः करायचा होता, आणि तो शिकवण्यापेक्षा बराच अवघड निघाला. ठीक आहे, त्यांनी ठरवलं. जिथे खोटं बोललो तिथेच खरं बोलायचं.

रविवारी ते उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, "किल्ली मी विसरलो होतो. दर वेळी मीच. चहात मीठही मीच घातलं. माझ्या पत्नीने ह्यातलं काही म्हणता काही केलेलं नाही."

मंडळी अशी हसली, जशी गेल्या अकरा वर्षांत कधी हसली नव्हती. पेटी वाजवणाऱ्या मास्तरांनी हसता हसता पेटीवरच डोकं टेकवलं. उपासना संपल्यावर एका आजींनी पाळकीणबाईंचा गाल कुरवाळला, "नवरा असावा तर असा गं! बायकोचं सगळं स्वतःवर घेतलंन." अधीक्षकांनी तर पाळकसाहेबांचा हात दोन्ही हातांत धरला. "बायकोसाठी देवळात खोटं बोलायला मन मोठं लागतं, साहेब. तुमची सर कोणाला यायची नाही!"

घरी परतताना पाळकसाहेब देवावर जरा रुसलेच. अकरा वर्षं खोटं सांगितलं, तर एकाने शंका घेतली नाही. आणि आज एकच खरं सांगितलं, तर त्यावर विश्वास ठेवायला कुत्रंही तयार नाही. देवा, तूही हसतोयस ना, असं त्यांनी मनातल्या मनात विचारलं. उत्तर आलं नाही, पण तो हसत असावा असा त्यांना दाट संशय आला.

सोमवारी बाई कामावर गेल्या. पाळकसाहेबांनी ठरवलं, की अकराच्या आत अधीक्षकांना गाठायचं आणि शपथेवर सांगायचं. कपडे करण्याआधी कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला ते सपाता घालून गेले आणि मागे दार लागलं. किल्ली आत.

पुढच्या गल्लीतला किल्लीवाला हत्यारांची पेटी घेऊन आला. "नेहमीचंच ना, पाळकसाहेब?" म्हणत त्याने कुलपात तार घातली. तो काही मंडळीचा नव्हता. त्याने त्यांचा एकही उपदेश ऐकलेला नव्हता. पाळकसाहेब त्याच्याकडे बघतच राहिले.

"दादा, ते कुलूप राहू द्या. माझ्याबरोबर इस्पितळात येता?"

पावणेअकराला अधीक्षकांच्या खोलीत सपाता घातलेले पाळकसाहेब आणि पेटी धरलेला किल्लीवाला शेजारी शेजारी उभे होते.

"ह्यांच्या दाराशी मी किती वेळा आलो, त्याची गणतीच नाही," किल्लीवाला म्हणाला. "ते कुलूप मी डोळे मिटून उघडतो. दर खेपेला बाहेर हेच उभे."

"आणि बाई?" अधीक्षकांनी विचारलं.

"त्यांना मी एकदाच पाहिलंय. दुकानात आल्या होत्या, ह्यांच्यासाठी जास्तीच्या चार किल्ल्या करून घ्यायला. त्या चारही ह्यांनी हरवल्या."

अधीक्षकांनी चष्मा काढला. "मग बाई अंत्यविधीला दोन पायांत दोन वेगळे बूट घालून गेल्या, तो किस्सा?"

"अहो, पुरुषांचे बूट होते ते," पाळकसाहेब काकुळतीला येऊन म्हणाले. "माझेच!"

अधीक्षकांनी खुर्चीत मागे टेकून छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी बुधवारी सगळ्यांसमोर त्यांना हसलो. त्यांची माफी मागायला हवी." आणि थोडं थांबून, "पण मग बाईंची खरी अशी एखादी गोष्ट नाही का हो?"

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. चाळीस मिनिटं कागदाशिवाय बोलणारा माणूस, पण शब्द सुचेना. अकरा वर्षं दर आठवड्याला आपण हिच्याबद्दल बोललो आणि हिच्याबद्दल एक अक्षरही बोललो नाही, हे त्यांना त्या खुर्चीसमोर उभं असताना कळलं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

जागा बाईंना मिळाली. संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा पाळकसाहेबांनी चहा करून ठेवला होता. बाईंनी आधी एक घोट सावधपणे घेतला, मग दुसरा निर्धास्तपणे.

"सपाता घालून आला होतात म्हणे," त्या म्हणाल्या. "अख्खं इस्पितळ बोलतंय."

"बोलू दे." पाळकसाहेब त्यांच्यासमोर उभे राहिले. "रविवारी मंडळीला तुझी एक खरी गोष्ट सांगू का? दुपारभर आठवत होतो."

"सापडली?"

"बऱ्याच सापडल्या."

बाईंनी कप खाली ठेवला. "मग मला सांगा. तिथे नको. आणि उभं राहून नको, बसा."

ते बसले. "तापाची साथ होती बघ त्या वर्षी," ते म्हणाले. "उपासनेला कोणी म्हणजे कोणीच आलं नाही. मी दिवे मालवायला लागलो, तर तू तुझ्या बाकावर येऊन बसलीस. मी म्हटलं, चल घरी, कोणी नाहीये. तू म्हणालीस, मी आलेय ना."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पदराचं टोक बोटांनी सरळ केलं.

"मग?" त्यांनी विचारलं. पुढचं त्यांना सगळं माहीत होतं, तरी विचारलं.