चादर फुगायला हवी

लॉन्ड्रीच्या मागच्या अंगणात दोरीवर चादरी वाळत असत. त्यातली शेवटची, जाडजूड, ठिगळांची चादर मात्र बेसबॉलसाठी राखलेली. इस्त्री गार झाली की दादा चेंडू टाकायचा आणि धाकटी बहीण बॅट फिरवायची. हुकलेला चेंडू त्या चादरीत जाऊन पडायचा.

सरावात तिचा चेंडू क्वचितच हुके. सामन्यात मात्र समोरच्याच्या हातून चेंडू सुटला की हिचे डोळे गपकन मिटत. मागच्या मोसमात, याच अंगणात, दादाचा चेंडू तिच्या कानावर बसला होता. कान बरा झाला, पण सामन्यात बॅटला चेंडू काही लागेना.

"उद्या नाही लागला तर बॅट माळ्यावर टाकणार," ती म्हणाली.

"माळ्यावर जागा नाही," वहिनी चिमटे गोळा करत म्हणाली. "तुझ्या दादाचं शहाणपण भरलंय तिथे."

धाकटी हसली नाही. "इथे लागतो, तिथे लागत नाही. माझं डोकंच बिघडलंय गं."

दादाने मान खाली घातली. ती पाणी प्यायला आत गेली, तोच मागून थाड्‌ आवाज आला. तिने दारातून पाहिलं. दादा एकटाच चादरीवर चेंडू फेकत होता. चादर टम्म फुगली, दोरी करकरली, एक चिमटा उडून गेला. तिच्या हुकलेल्या चेंडूंनी ही चादर नुसती जराशी हलायची.

"दादा, हे मला कधी टाकलं नाहीस!"

तो दचकला. "तुझा सुजलेला कान अजून दिसतो गं मला. हात आपोआप सैल पडतो."

"आणि मी समजतेय, मला वेड लागलं!"

"फुंकर घालून भरवत होतास पोरीला," वहिनी म्हणाली. "चावायला कधी शिकणार ती?"

धाकटीने बॅट उचलली. "टाक. चादर फुगली पाहिजे."

दादाने हात उचलला आणि तसाच खाली घेतला. चेंडू बोटांतच आवळून धरला. ती त्याच्याजवळ गेली. त्या दिवशी त्याने तिच्या कानावर घातली होती, तशी हळूच त्याच्या बोटांवर फुंकर घातली.

"मीही भितेय. दोघं मिळून भिऊ या."

पहिला चेंडू आला, डोळे मिटले. दुसरा आला, पुन्हा मिटले. मग तिला चादरींच्या घड्या आठवल्या. लहानपणापासून दोघं समोरासमोर उभी राहून घड्या घालत. झटका बसताना डोळे मिटले की हातातला कोपरा सुटे, म्हणून ती दोघं एकमेकांच्या हातांकडे बघत गुणगुणत:

*झटक गं, ताण गं,*
*कोपऱ्याला कोपरा आण गं.*

ती तेच पुटपुटू लागली. दादाने ऐकलं. त्याचा खांदा मोकळा झाला. 'झटक' म्हणताना त्याचा हात वर गेला, 'ताण'वर तिचा पाय पुढे पडला.

बॅट उशिरा फिरली. चेंडू हुकला. चादर टम्म फुगली.

"दादा!" ती ओरडली. "चेंडूचे लाल टाके दिसले! फिरताना दिसले!"

दादाने बाहीने डोळे पुसले. "हुकला की गं."

"हुकू दे. दिसला ना! टाक अजून."

वहिनीने गवतातून उडालेला चिमटा शोधला. चादर पुन्हा नीट ताणून दोरीला लावली आणि वरून दोन चिमटे जास्तीचे अडकवले.