'जी, बिल्कुल!' म्हणणारा बॉट

'मला माहीत नाही' असं सरळ म्हणणं आपल्यापैकी किती जणांना जमतं हो? देविकाला मुळीच जमत नसे. वडिलांच्या एअरफोर्समधल्या नोकरीमुळे ती लखनौत वाढली, आणि तिथली अदब तिच्या अंगात पुरती मुरली होती. कोणी काहीही विचारो, हिचं आपलं एकच, "जी, बिल्कुल!"

लखनौतल्याच आलमबाग भागातल्या एका क्लासात ती चॅटबॉट बनवायला शिकत होती. पहिल्या पायरीला बॉट नमस्कार करू लागला, दुसरीला ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं देऊ लागला. तिसऱ्या पायरीला राजेश सर म्हणाले, "जो सवाल उसकी समझ में न आए, वहाँ लिखो, मुझे मालूम नहीं."

देविकाने नाक मुरडलं. आपला बॉट अडाणी दिसणार? छे! तिने तिथे ठोकून दिलं, 'जी, बिल्कुल!' आणि शेजारी एकट्या राहणाऱ्या चंद्रप्रभा आजींच्या मोबाइलवर तो बसवूनही दिला. पाणी कधी येणार, गॅसवाल्याचा नंबर काय, एवढंच तर त्या विचारणार!

चौथी पायरी होती लोकांनी बॉटला काय विचारलं ते वाचायची. दुपारी क्लासात देविकाने यादी उघडली. आजींचे शेवटचे दोन प्रश्न होते, एक सकाळचा आणि एक तासाभरापूर्वीचा.

'शुगरची गोळी घेतली की नाही, आठवत नाही. परत घेऊ का?'

'जी, बिल्कुल!'

'हातपाय थरथरतायत. जरा पडू का?'

'जी, बिल्कुल!'

देविकाने घाईघाईने आजींना फोन लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलेना. आईबाबा दोघंही कामावर. आता काय करू? तिने यादी सरांपुढे धरली. ती वाचताच सरांनी बाइक काढली. "बैठो!"

आजींची एक किल्ली देविकाच्या घरी असे. ती आणून तिने दार उघडलं. आत आजी घामाने निथळत पलंगावर पडलेल्या. "आजी! अहो आजी!"

"कोण... देवी?"

शुद्ध होती! सरांनी डॉक्टरांना फोन लावला. दोन गोळ्यांनी साखर फार उतरली असणार, असं त्यांनी सांगताच देविकाने आजींना बसतं करून घोट घोट साखरपाणी पाजलं. डॉक्टर आले तेव्हा आजी तक्क्याला टेकून बसल्या होत्या. "थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं," डॉक्टर म्हणाले.

देविका हुंदके देऊन रडली. "माझ्यामुळे झालं, आजी. त्याला काही येत नाही हे मीच लपवलं."

आजींनी तिचा हात धरला. "तीस वर्षं गणित शिकवलं मी. अडलं की मुलांना सांगायची, उद्या बघून सांगते. एकही पोर हसलं नाही गं. अगं, तो 'माहीत नाही' म्हणाला असता, तर मी तुलाच नसता का फोन केला?"

देविकाने तिथेच बसून 'जी, बिल्कुल!'ची ती ओळ पुसली.

वाचकहो, माहीत नाही म्हटल्याने कोणाची मान खाली जात नाही. खोटा होकार मात्र माणसाच्या जिवावर उठतो!

संध्याकाळी आजींनी मुद्दाम विचारलं, 'आता चहात साखर घालू का?'

बॉट म्हणाला, 'मला माहीत नाही. देविकाला हाक मारा.'

आजींनी हाक मारली, आणि देविका अनवाणीच धावत आली.