वाढदिवसाचं कोलोन

कॉलरवर ओला ठिपका, जेमतेम नखाएवढा... वाळत चाललेला, आणि त्यातून येणारा लिंबाच्या सालीसारखा हलका वास. नाना आजही कोलोन लावून आले होते. मूळ प्रत ती मोठ्यानं वाचत होती, शेजारी नाना मुद्रितातल्या चुकांवर पेन्सिल फिरवत होते — छापखान्यातल्या या अरुंद टेबलाशी दोघं चार वर्षं अशीच खेटून बसत आलेली — आणि वाचता वाचता तिची नजर पुन्हा त्या ठिपक्यावर गेली.

दोन महिन्यांपूर्वी, त्यांच्या वाढदिवसाला, बाटली दिली ती तिनंच. "नाना, खास तुमच्यासाठी!" केवढे हरखले होते! आणि दारात पुस्तकं बांधणारा बाइंडर हसू दाबत उभा... कारण आदल्याच दिवशी ती त्याला म्हणाली होती, "वास मारतो हो त्यांच्या अंगाला. करतेच काहीतरी उपाय." उपाय! साप मरावा आणि काठीही तुटू नये... केवढी हुशार मी. त्यापेक्षा तोंडावर सांगितलं असतं, तर निदान—

"थांब," नाना म्हणाले. "एक ओळ गाळलीस."

"सॉरी, नाना."

"हल्ली रोजच गाळतेस." त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "का दिलीस ती बाटली, ते मला त्याच दिवशी कळलं होतं गं."

तिनं हातातली प्रत खाली ठेवली.

"घरी आमची ही अंथरुणाला खिळलेली. सकाळी तिच्या पाठीला तेल चोळून तसाच निघतो. हात धुतले तरी शर्टाला राहतो वास. माझं नाक मेलंय आता. कुणीतरी सांगायलाच हवं होतं."

"मग... बोलला का नाहीत?"

"तू ओशाळली असतीस. चल, वाच पुढे."

तिनं ओळ शोधली. म्हणजे रोज सकाळी, त्या सगळ्या धावपळीत, ते कॉलरला कोलोनचं बोट लावत होते ते तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून... आणि मी समजत होते, बिचाऱ्यांना काही कळत नाही! इतके दिवस तेवढाच एक आसरा होता — कधीतरी आपण होऊन सांगू, माफी मागू, मोकळे होऊ. आता सांगायला काही उरलंच नव्हतं. मागण्याआधीच त्यांनी माफ करून टाकलं होतं, आणि ते घशाखाली उतरत नव्हतं.

नानांच्या पत्नी कशा आहेत? चार वर्षांत त्यांच्या घरचं एकदाही विचारलं नव्हतं. आत्ता विचारलं, तर फेड केल्यासारखं दिसेल... ती वाचत राहिली, आवाज कापू नये एवढंच जपत. आणि तो प्रश्न ओळीमागून ओळ आत जड होत गेला.