कोरा राहिलेला आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. तळहाताएवढा, पितळी कडेचा. झुंबरबाई नावाच्या नर्सने मला भद्रकालीच्या बाजारातून आणलं ते भांग पाहायला. पण लवकरच माझं काम बदललं. कुणी अखेरच्या घटका मोजू लागलं की बाई मला त्याच्या नाकाखाली धरत. काचेवर वाफ धरली तर माणूस जिवंत आहे. काच कोरी राहिली की बाई मला पालथा ठेवत आणि घरात रडारड सुरू होई. पुढे माझ्यात कुणी तोंड पाहीना. मला वाईट वाटे, खोटं कशाला सांगू?

मग यंत्रं आली आणि मला कोण विचारतो? निवृत्त होताना बाईंनी मला भाचीच्या, चैतालीच्या हाती दिलं. तीही नर्स, इंदिरानगरच्या एका लहान प्रसूतिगृहात. तिथे मी खणात कापसाशेजारी पडून राहिलो.

एका दुपारी कळवणच्या पूजाला मुलगा झाला. रडताना छान गुलाबी दिसे. आजी कुसाबाई त्याला मांडीवर घेऊन उगी करत, तो गप्प होई आणि त्याचे ओठ निळे पडत. रडला की पुन्हा गुलाबी. असं तीनदा झालं. शेजारच्या खाटेवरची बाई हळूच म्हणाली, दृष्ट लागली. कुसाबाईंनी मीठमोहऱ्या मागवल्या.

चैतालीने बाळाच्या नाकपुडीत बारीक नळी घातली. ती आत जाऊन अडली. दुसरीतही तेच. मग तिने मला खणातून काढलं.

"आरसा नको, बाई," कुसाबाई म्हणाल्या. "तान्ह्या लेकराला दावत नाय."

चैतालीने मला बाळाच्या नाकाखाली धरलंच. बाळ तेव्हा गप्प होतं. छाती खोल ओढली जात होती, डोळे माझ्यावर लागले होते आणि माझी काच कोरी होती. मेलेल्यांपुढे मी पुष्कळदा कोरा राहिलो, मित्रांनो, पण माझ्याकडे बघणाऱ्यापुढे कधीच नाही. मला भीती वाटली.

"आजी, त्याला उगी करू नका," चैताली म्हणाली. "रडला की तोंडानं श्वास घेतो. गप्प झाला की श्वासच बंद होतो."

कुसाबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. आठ नातवंडं ज्या मांडीवर निजली, तीच या बाळाच्या जिवावर उठली होती.

डॉक्टर शेखर धावत आले. नाकामागच्या दोन्ही वाटा जन्मतःच हाडाने बंद आहेत, क्वचित होतं असं, ते म्हणाले. त्यांनी बाळाच्या तोंडात आखूड नळी बसवून श्वासाची वाट उघडी ठेवली आणि अॅम्ब्युलन्सने त्याला मोठ्या रुग्णालयात धाडलं. तिथे ऑपरेशन करून वाटा मोकळ्या केल्या, पण हे मला फार पुढे कळलं. तोवर मी खणात तीच कोरी काच घेऊन पडलो होतो. बाळाचं काय झालं, मला कोण सांगणार?

तीन महिन्यांनी कुसाबाई आल्या. बाळ त्यांच्या मांडीवर निजलं होतं, तोंड मिटून. त्यांनी स्वतःच मला मागितलं आणि त्याच्या नाकाखाली धरलं. माझ्या काचेवर वाफेचे दोन इवले ठिपके उमटले.

मित्रांनो, आरसा पुसून जपावा, हे खरंच. पण आधी त्यावर काय उमटलंय ते पाहावं आणि काही उमटलं नसेल तर तेही पाहावं. चैतालीने सवयीने फडकं उचललं, तेव्हा कुसाबाईंनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे जरा," त्या म्हणाल्या.