गाळाच्या फळीमागचा जिना

नणंद-भावजयीचं वैर घरात असतं, स्वयंपाकघरात असतं, फार तर शेजारणीच्या कानापर्यंत जातं. आमच्या शहरात ते जुन्या ग्रंथालयाच्या घुमटाखाली चालायचं आणि लोक ते ऐकायला रांग लावून यायचे. तसं बघायला गेलं तर यायचे ते इमारत बघायला. शनिवार-रविवार ग्रंथालय सगळ्यांना मोफत दाखवलं जायचं. सकाळची फेरी नणंदबाईंची, दुपारची वहिनींची.

दोघी एकाच घरात राहत आणि दोघींमध्ये विस्तव जात नसे. एकीचा भाऊ आणि दुसरीचा नवरा असलेला इसम ग्रंथालयाच्याच तळघरात पुस्तकं बांधायचा. खळीच्या भांड्याजवळ बसून त्याने गप्प राहण्याची कला इतकी वाढवली होती, की चहा नको असेल तर तो कप पालथा घालून ठेवायचा.

नणंदबाई खरं तेवढंच सांगत. घुमटाला चुना किती लागला, दगड कुठल्या खाणीतला, कपाटांचं लाकूड कुठल्या किड्याने खाल्लं आणि त्या किड्यावर काय उपाय केला. कुणी जांभई दिली तर थांबून त्या माणसाला मागच्या वाक्यातलं साल विचारत. एकदा एका गृहस्थाला साल आठवेना, तर सगळा घोळका त्याच्याभोवती मुकाट उभा राहिला. पुढे म्हणे त्याने घरही बदललं.

वहिनींचं तसं नव्हतं. त्यांच्या फेरीत एक पंडित सर्वात उंच शिडीवरून पडला आणि जमिनीला टेकण्याआधी त्याने हातातलं पान वाचून संपवलं. त्यांच्या फेरीत ग्रंथालयाचे संस्थापक सासूला चुकवण्यासाठी एक अख्खा हिवाळा दालनातल्या त्या मोठ्या पृथ्वीगोलात राहिले, आणि त्यांचं जेवण विषुववृत्ताच्या फटीतून आत सरकवलं जाई. लोक फट बघायला ओणवे व्हायचे. फट होतीच. लाकूड वाळलं की पडते तशी.

एवढं सगळं असून वाचनकक्ष मात्र ओस. तिथे मी आणि माझ्यासारखे दोन-तीन पेन्शनर वर्तमानपत्र अडकवायच्या काठीवरून भांडायचो, तेवढीच काय ती वर्दळ. अशात नवे ग्रंथपाल आले. त्यांनी फर्मान काढलं की येत्या हंगामापासून शहरातली प्रत्येक शाळा ग्रंथालय बघायला येणार, आणि दाखवणारी बाई एकच असणार. कोण, ते मी ठरवीन, असंही म्हणाले.

त्या दिवसापासून घरात भांडीसुद्धा एकमेकींना ऐकू जातील अशी आपटली जाऊ लागली. नणंदबाईंचा जीव त्या मुलांत अडकला होता. म्हातारे काय, ऐकतात आणि विसरतात. पण पोराच्या डोक्यात गेलेलं खोटं साठ वर्षं टिकतं, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांनी एका दुपारी घुमटाखालीच सुनावलं, घुमट आवाज मोठा करतो हे ठाऊक असून.

"वहिनी, पोरं घरी जाऊन सांगणार, इमारत बांधणारा माणूस पृथ्वीगोलात राहत होता म्हणून."

"सांगतील तरी. तुमच्या फेरीतून गेलेली पोरं घरी जाऊन झोपतात, वन्सं."

नणंदबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि पुढच्या शनिवारी जन्मात केलं नव्हतं ते केलं. खोटं बोलल्या.

मोठ्या दालनाच्या टोकाला एक बुटकं दार आहे. आत झाडलोटीच्या बादल्या, पोछे आणि पाय मोडलेली खुर्ची. सगळ्या नोकरवर्गाला हे माहीत. नणंदबाई फेरीच्या शेवटी त्या दारापाशी थांबल्या आणि सालावळी सांगाव्या तशा कोरड्या आवाजात म्हणाल्या, की याच्यामागे एक जिना आहे, तो घुमटाच्या पोटातल्या संस्थापकांच्या खासगी खोलीत जातो. मला दाखवायचा अधिकार नाही. दुपारच्या बाईंना आहे. त्या नाही म्हणतील, पण तुम्ही सोडू नका.

हिशेब पक्का होता. वहिनी नाही म्हणाल्या तर लोक चिडणार, आणि दार उघडलं तर आत बादल्या. दोन्हीकडून तोंडघशी.

दुपारी सगळा लोंढा वहिनींवर चालून गेला. मी वर्तमानपत्र टाकून मागे उभा राहिलो. नणंदबाई कोपऱ्यातल्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या, नाटकाला आल्यासारख्या. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्याचा रंग उडाला, आणि परत आला तो आधीपेक्षा गडद होऊन.

"जिना आहे," वहिनी म्हणाल्या. "पण संस्थापकांची अट आहे. ही फळी जो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचेल, त्याच्यासाठीच दार उघडायचं. आणि आत त्याने एकट्याने जायचं."

दाराशेजारच्या फळीवर नदीच्या गाळाचा अभ्यास होता. एकाच माणसाने लिहिलेला, उशीएवढ्या जाड खंडांत. लिहिणाऱ्याने सगळं आयुष्य नदीकाठी काढलं आणि नदी त्याच्या डोक्यात जायची, हे पहिल्या परिच्छेदातच कळतं. ती फळी आजवर धुळीशिवाय कुणी हाताळली नव्हती.

वहिनींना वाटलं, सुटले. पण माणसाला एखादं दार बंद आहे म्हणून सांगितलं की तो काय करील याचा नेम नाही. दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडायच्या आधी पायऱ्यांवर माणसं. आठवड्याभरात वाचनकक्षातल्या खुर्च्या संपल्या, मग खिडक्यांचे कट्टे संपले, मग बेकरीवाला शिडीवर बसून वाचू लागला. प्रत्येक खंडाची प्रत एकच, त्यामुळे पाचवा खंड हवा असलेला माणूस पाचवा वाचणाऱ्याच्या मानेवर श्वास सोडत उभा राही. एकजण पुस्तकावर गाल टेकून झोपला, तर इतरांनी गालाखालून खंड काढून घेतला आणि तिथे वीट सरकवली. न्हावी गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा टेकवून तिसऱ्या खंडातल्या मताबद्दल विचारायचा, आणि गिऱ्हाइकाचं मत नेहमी न्हाव्यासारखंच निघायचं. नवरा-बायकोंनी अर्धं-अर्धं वाचायची टूम काढली, ती वहिनींनी हाणून पाडली. शहरात पहिल्यांदाच शेजारी शेजाऱ्याशी पाण्याच्या नळावरून नाही तर गाळावरून बोलेनासा झाला.

नणंदबाईंचा तिळपापड झाला. त्या टेबलाटेबलाशी जाऊन सांगू लागल्या की आत फक्त बादल्या आहेत.

"अहो, जिन्याचं तर तुम्हीच सांगितलंत," शिवणकाम करणारी एक बाई खंडातून मान न काढता म्हणाली.

नणंदबाईंनी कबूल केलं की ते खोटं होतं.

"मग हे खरं कशावरून?"

हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी केला नव्हता. त्या तडक ग्रंथपालांकडे गेल्या आणि दार सगळ्यांदेखत उघडा म्हणाल्या. ग्रंथपालांनी काचेतून भरलेल्या वाचनकक्षाकडे बघितलं, किल्ली खिशात घातली आणि म्हणाले, पहिला माणूस फळी संपवील त्या दिवशी उघडू. जिना निघाला तर शाळा वहिनींच्या, नाही निघाला तर तुमच्या. हरणारीने पुन्हा या इमारतीत फेरी काढायची नाही.

सगळ्यांच्या पुढे होता वजनमाप खात्यातला एक निवृत्त निरीक्षक. जन्मभर दुसऱ्याच्या तराजूतली खोट शोधलेला माणूस. घरी बायकोने वाढलेलं ताटही तो आधी हातात तोलून बघायचा. कुणाबद्दल बरा शब्द त्याच्या तोंडून निघाल्याचं मला तरी आठवत नाही. तो गाळ वाचायचा तो लेखकाशी भांडत, समासात बोट आपटत. शेजारच्याने पान जरा मोठ्याने उलटलं तर त्याची सात पिढ्यांची अक्कल काढायचा.

नणंदबाईंना याच्याइतका लाडका माणूस उरला नाही. न विकला जाणारा, कुणाची भीड न ठेवणारा. बादली दिसली तर बादलीच म्हणणार. त्यांनी त्याच्या टेबलावर चांगला दिवा आणवला, त्याला चहा नेऊन दिला. घरी भावाला सांगून टाकलं, की आता तुझी बायको शनिवार-रविवारी घरीच असेल, तयारीत राहा. भावाने कप पालथा घातला.

वहिनींनी मात्र जेवण सोडल्यातच जमा होतं. पोरांसमोर उभं राहायला मिळणार नाही, या विचाराने त्यांच्या गोष्टीतला पंडित आता शिडीवरून नुसताच पडू लागला होता.

निरीक्षकाने शेवटचा खंड मिटला तेव्हा अख्खं शहर दालनात लोटलं. ज्यांनी एक पानही वाचलं नव्हतं ते सगळ्यात पुढे. ग्रंथपालांनी किल्ली दिली. निरीक्षक आत गेला, दार ओढून घेतलं. मग आतून पत्र्याची बादली गडगडल्याचा आवाज आला आणि घुमटाने तो आणखी मोठा करून सगळ्यांना ऐकवला.

"ऐकलंत?" नणंदबाई म्हणाल्या. वहिनी भिंतीला टेकल्या.

निरीक्षक बाहेर आला. टोपीवर कोळिष्टक. त्याने पुढच्या रांगेतल्या आशाळभूत चेहऱ्यांकडे बघितलं. फुकट निकाल ऐकायला आलेले चेहरे. मग खिशातून डोकावणाऱ्या स्वतःच्या दोन चष्म्यांकडे, जे गाळ वाचता वाचता निकामी झाले होते. माझी जागा जवळ होती म्हणून सांगतो, त्याच्या नाकपुड्या फुगल्या.

"सांगा ना साहेब," नणंदबाई गोड आवाजात म्हणाल्या. "आत काय आहे?"

"जिना."

"कसला जिना? बादली वाजली, सगळ्यांनी ऐकली."

"पायरीवर कुणीतरी बादली ठेवली होती. बेशिस्त कारभार."

न्हाव्याने मान पुढे काढून विचारलं, वर काय आहे.

"मी वाचलं तेव्हा बघितलं," निरीक्षक म्हणाला. "तुम्हाला बसल्या जागी सांगू? वाचा." आणि दाराला कुलूप घालून किल्ली त्याने ग्रंथपालांच्या तळहातावर आपटली. महिनोन्‌महिने गाळ उपसून बादल्या पाहिल्या, हे तो या जन्मी कबूल करणार नव्हता. आणि आपण उपसला तो गाळ न उपसता दुसरा कुणी सुटावा, हेही त्याला सोसणारं नव्हतं.

वहिनी भिंतीपासून सरळ झाल्या. नणंदबाईंनी ग्रंथपालांपुढे हात पसरला, मला बघू द्या म्हणाल्या. ग्रंथपालांनी विचारलं, फळी वाचलीत का. तीस वर्षं नणंदबाईंनी त्या फळीचं लाकूड, तिचा किडा आणि तिच्या बांधणीचं कातडं लोकांना सांगितलं होतं. वाचली मात्र नव्हती.

आता शाळा येतात. वहिनी पोरांना पंडित दाखवतात, गोल दाखवतात आणि मग गाळाच्या फळीपाशी आणतात. तिथे नणंदबाई दुसऱ्या खंडावर वाकलेल्या असतात. रोज येतात, ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत.

"या आमच्या वन्सं," वहिनी म्हणतात. "यांना जिना बघायचाय. विचारा त्यांना, दारामागे काय आहे ते."

परवा एका पोरीने विचारलं. नणंदबाईंनी ओळीवर बोट ठेवलं, चष्मा वर केला आणि त्या पोरीच्या डोळ्यांत बघून स्वच्छ सांगितलं, "बाळ, आत बादल्या आहेत. नुसत्या बादल्या."

सगळा वर्ग हसला. शाळेच्या बाईसुद्धा हसल्या. वहिनी हसू पुरतं ओसरेपर्यंत थांबल्या आणि पोरांना पुढच्या दालनात घेऊन गेल्या.