न विचारता कोरलेली गिटार

आजोबांच्या श्राद्धाच्या पंगतीत ताम काका लाल गिटार मिरवत आले, तेव्हा लुआच्या हातातल्या जेवणाच्या काड्या तोंडाशी जाता जाता थांबल्या.

गिटार तिचीच होती. रंग तोच, कडेला पडलेला टवकाही तोच. पण गिटारच्या गळ्यावरची लाकडी पट्टी, जी गेल्या आठवड्यात पाटासारखी सपाट होती, ती आता प्रत्येक दोन धातूच्या पडद्यांच्या मधे खोल कोरलेली होती. कुणीतरी बसून चमच्याने पपई खावी तशी.

तिने काकांना एकच काम सांगितलं होतं. दमट हवेने एक पडदा उचकटला आहे, तेवढा ठोकून बसवा. काका "बरं" म्हणाले होते. त्या एका "बरं"वर विश्वास टाकला, हीच तिची चूक.

काकांच्या सादेक गावाच्या बाजूला गाण्याच्या बैठकीतली प्रत्येक गिटार अशी कोरलेलीच असते. तार त्या खळग्यात दाबली की सूर माणसाच्या गळ्यासारखा वळतो, हुंदका देतो. तिकडच्या जुन्या गाण्याचा सगळा जीव त्या मींडेत. त्यामुळे सपाट पट्टीची गिटार म्हणजे ताम काकांच्या लेखी न सोललेला नारळ. एकदा भाड्याने राहायला आलेल्या शाळामास्तरांची गिटारही त्यांनी अशीच 'पुरी' करून दिली होती. मास्तर महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. आनंदाने, असं काकांना आजही वाटतं.

"बघा," काका पाहुण्यांना म्हणाले, "इतके दिवस नुसती फळी होती. आता गिटार झाली."

चटयांवर बसलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. तांदळाच्या दारूचे पेले वर गेले. मोठ्या आत्याचे डोळे तर भरूनच आले. "नशीब काढलंस ग पोरी! तामच्या हातची पट्टी मिळावी म्हणून माणसं खेटे घालतात. आभार मान की, अशी ढिम्म काय बसलीस?"

"वाजव, वाजव!" कुणीतरी ओरडलं.

लुआने गिटार घेतली, वायर स्पीकरला जोडली, आणि लग्नातल्या नाचाच्या गाण्याची सुरुवातीची कॉर्ड सगळी बोटं रोवून दणकन वाजवली. प्रत्येक बोट आपापल्या खळग्यात वेगवेगळं खोल उतरलं आणि प्रत्येक तार वेगळ्या दिशेला ओरडली. शेजारच्या म्हाताऱ्याने कानातलं यंत्र काढून झटकून पाहिलं.

"अगं, दाबतेस केवढी! ते काय रेड्याचं नाक आहे?" काका हसले. "हलका हात ठेव. आणि एकेक सूर घे."

"काका, उद्या लग्नात वाजवायचंय मला. तिथे एकेक सूर घेत बसले तर लोक नाचणार कशावर?"

"ते धडाम्-धुडूम् सोड आता. रविवारी आमच्या बैठकीत येऊन बस. तुझा बाप गेल्यापासून त्याची जागा रिकामी आहे."

आता तिला कळलं. पडदा, पट्टी, टाळ्या, सगळं त्या एका रिकाम्या जागेसाठी होतं. तिला तिथे बसायचं आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं. जागा ठरली, माणूस ठरलं, आणि माणसाची गिटार त्या जागेच्या मापाने कापून तयार झाली.

"मला विचारलंत?" ती म्हणाली.

"काय विचारायचं?"

"कोरण्याआधी. विचारलंत का?"

काका खरोखरच गोंधळले होते. "घरच्या माणसाला काय विचारायचं?" असं म्हणून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं, आणि चारी बाजूंच्या माना हलल्या. खरंच की, घरच्या माणसाला काय विचारायचं!

ताम काकूंनी तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. चुलीवर कारल्याचा रस्सा उकळत होता.

"श्राद्धाचा दिवस आहे ग आज! चार माणसांत मोठ्यांना असं बोलतात? कानशीने घासून घासून अंगठ्याचं सालटं गेलंय त्यांच्या."

"मी सांगितलं होतं सालटं काढायला?"

"हे बघ, माझं हे स्वयंपाकघर त्यांनी मला न विचारता निळं केलं. मला निळा रंग डोळ्यासमोर नको. काय केलं मी? राहतेच आहे ना या निळ्यात?"

"म्हणून तर!" लुआ म्हणाली. "म्हणूनच तर, काकू!"

ती गिटार घेऊन मागच्या ओट्यावर गेली. खाली कालव्याच्या पाण्यावर मचाणांवर मांडलेल्या शेवंतीच्या टोपल्यांच्या रांगा होत्या. तिने विन्हला, म्हणजे तिच्या वाद्यवृंदातल्या कीबोर्डवाल्याला, फोन लावला.

"उद्यासाठी एखादी गिटार बघ. कुणाचीही. माझी काकांनी कोरली."

पलीकडे हसण्याचा स्फोट. "सगळी? अगदी खालपर्यंत? अरे देवा! पण लुआ, तुझे काका कोरतात मात्र झकास हं."

तिने फोन कट केला. मग, कुणी बघत नाही असं पाहून, एक तार हळूच दाबली. स्पीकर नव्हता, तरी सूर उठला, खाली वाकला, थरथरला आणि असा वर आला की तिने तीच तार पुन्हा दाबली. काम उत्तम होतं. खळगे अंगठ्याच्या पेराइतके गुळगुळीत, कुठे एक कुसळ नाही. आणि याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. काम वाईट झालं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. आता ज्याला सांगावं तो म्हणणार, पण किती छान कोरलंय! चोराने चोरलेली वस्तू घासूनपुसून लख्ख केली तर काय त्याचा सत्कार करायचा?

खिडकीखाली काकांची हत्यारांची पेटी होती. तिने पेचकस घेतला. आधी तारा सैल करून काढल्या, मग गिटार पालथी घातली. गळा धडाला चार स्क्रूंनी जोडलेला असतो. स्क्रू घट्ट होते. शेवटचा निघाला तेव्हा तिचा तळहात लाल झाला होता.

ती पंगतीत परतली आणि तो सुटा गळा काकांच्या पुढ्यात, भाताच्या वाडग्याशेजारी, ठेवला.

"हा तुमचा. धड माझं. ते मी घरी नेते."

"श्राद्धाच्या पानात!" मोठ्या आत्याने छातीवर हात मारला. "काय अवदसा आठवली हिला?"

काकांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. ते बायकोकडे वळले. रागावले की ते ज्याच्यावर रागावले त्याच्याशी थेट बोलत नसत.

"विचार तिला, मी काय तिचं वाईट केलं?"

"काकूला नका मधे घालू," लुआ म्हणाली. "मी इथे समोर आहे."

"सांग तिला, झालं ते झालं. घासलेलं लाकूड काय आता परत चिकटवू?"

"चिकटवू नका. विचारा."

या वेळी ते तिच्याकडे वळले. "काय विचारू?" ते जवळजवळ ओरडलेच. "कोरून झालंय! आता विचारून काय उपयोग?"

"नसू दे उपयोग. तरी विचारा."

कुणी जेवत नव्हतं. कुणीतरी "जाऊ दे ग" म्हणालं, पण ताम काकूंनीच हात वर करून त्याला गप्प केलं. काकांनी घसा खाकरला. गळा उचलून मांडीवर घेतला, सोललेल्या अंगठ्याने एक खळगा चाचपला. साठ वर्षांच्या त्या माणसाला हे वाक्य कुठून सुरू करतात तेच ठाऊक नव्हतं. अनोळखी गावात रस्ता विचारावा तशा अवघडलेल्या, बारीक आवाजात ते शेवटी म्हणाले,

"लुआ, तुझी गिटार... कोरू का?"

लुआने मुळीच घाई केली नाही. पंगतभर नजर फिरवली, मग काकांकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली.

"बरं," काका म्हणाले, आणि गळा पंच्यात गुंडाळू लागले.