रेचं हिरवं जॅकेट

गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच शनिवारी घरातली अडगळ दारात मांडून विकायची, ही कल्पना ल्युसिलची, आणि बावीस वर्षं कारभारही तिचाच. अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरातल्या त्या गल्लीत तिच्यापुढे कोणाचं काही चालत नसे. खरं सांगायचं तर तेवढी उठाठेव करायची हौसही दुसऱ्या कोणाला नव्हती. पण बाई व्यवहाराला चोख. आपल्या मालाबद्दल कधी खोटं बोलली नाही.

यंदा शेजारची डोरीन पहिल्यांदाच नवऱ्याशिवाय बसली होती. रे फेब्रुवारीत गेला. त्याचे शर्ट, बूट, टाय तिने मुकाट्याने टेबलावर मांडले. त्याच्या बोलिंगच्या संघाचं हिरवं जॅकेट मात्र तिने स्वतःच्या अंगात घातलं होतं. गारठा आहे म्हणून, असं म्हणाली. ल्युसिलला माहीत होतं, त्या जॅकेटला रेच्या पाइपचा वास होता. चेरीच्या तंबाखूचा. त्याशिवाय डोरीनला झोप लागत नसे.

दहाला ऊन चढलं. डोरीनने जॅकेट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवलं आणि ती कॉफी आणायला आत गेली. तेवढ्यात जुन्या कपड्यांचा धंदा करणारी एक पोरगी आली. कॉलरच्या आतली लेबलं उलटून बघत बघत ती खुर्चीपाशी पोचली.

"आजी, हे जॅकेट केवढ्याला?"

ल्युसिल एका माणसाशी टोस्टरवरून हुज्जत घालत होती. "एका बाजूने करपवतो, आधीच सांगितलंय मी तुम्हाला," असं त्याला सुनावून तिने पोरीकडे न बघताच उत्तर दिलं, "पुरुषांची जॅकेटं पाच डॉलर."

डोरीन कॉफी घेऊन आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. तिने खुर्चीमागे बघितलं, टेबलाखाली बघितलं. तेव्हा कुठे ल्युसिलच्या लक्षात आलं, पोरीने कुठल्या जॅकेटची किंमत विचारली होती.

"माझ्या हातून विकलं गेलं गं," ती म्हणाली.

"जाऊ दे," डोरीन म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं. चार शिव्या दिल्या असत्या तर ल्युसिलला बरं वाटलं असतं.

रविवारी शहराबाहेर जुन्या कपड्यांचा बाजार भरतो. गुडघे ठणकत होते तरी ल्युसिल एकेक ठेला धुंडाळत फिरली. शेवटच्या रांगेत ती पोरगी सापडली आणि हँगरवर जॅकेटही. छातीवर रेचं नाव तसंच होतं. ल्युसिलने झालेला घोळ सांगितला. पोरगी गुणाची. तिने लगेच जॅकेट काढून हातात दिलं. पैसे घ्यायलाही तयार नव्हती, ल्युसिलने पाच डॉलर तिच्या खिशात कोंबले.

"आणि आजी, मी ते दोनदा धुतलंय हं," पोरगी कौतुकाने म्हणाली. "तंबाखूचा काय वास येत होता. आता बघा, एकदम स्वच्छ."

ल्युसिलने कॉलरला नाक लावलं. साबण. पोरीचा काय दोष? हा तिचा रोजचा धंदा. ल्युसिल तिला थँक्यू म्हणाली आणि गाडीत बसून ढसाढसा रडली.

डोरीनच्या स्वयंपाकघरात तिने जॅकेट टेबलावर ठेवलं. "धुतलंय त्या पोरीने," तिने सांगून टाकलं. "दोनदा."

डोरीनने कॉलर हुंगली, बाह्या हुंगल्या. मग आतल्या खिशात तोंड खुपसून बराच वेळ तशीच बसली. ल्युसिलला तिच्याकडे बघवेना.

"खिशात राहिलाय गं थोडा," शेवटी डोरीन म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ती ल्युसिलकडे बघून हसली. "घे, तूच बघ."

ल्युसिलने खिशाला नाक लावलं, खोल श्वास घेतला. नुसता साबण होता.

"आहे की," ती म्हणाली. "चेरीचाच."

डोरीनने मान डोलावली. मग बाहेर एवढं ऊन असताना तिने जॅकेट अंगात घातलं आणि दोघींसाठी कॉफी ठेवली.